खिशातला डिजिटल संगीत प्लेअर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणी साठवून ती कुठेही ऐकवणारी स्वतंत्र उपकरणे मोबाईलच्या काळातही बनतात आणि विकली जातात. मात्र त्यांच्या जाहिराती ज्या आकड्यांवर भर देतात, त्या आकड्यांचा रोजच्या वापरातल्या सोयी-गैरसोयींशी फार थोडा संबंध असतो. खाली दिलेले प्रश्न खरेदीपूर्वी बहुतेकांना पडतात. उत्तरे देताना एक क्रम मुद्दाम पाळला आहे: संगीत कुठून येणार हे आधी ठरवावे, ते कोणत्या इअरफोनवर ऐकायचे हे त्यानंतर, आणि प्लेअरचा विचार सर्वांत शेवटी करावा.

मोबाईल हाताशी असताना वेगळा प्लेअर कशाला हवा?

बहुतेकांना तो नकोच असतो, हे आधीच सांगितलेले बरे. जो श्रोता स्ट्रीमिंग सेवेवरची गाणी ब्लूटूथ इअरफोनवर ऐकतो, त्याला वेगळ्या प्लेअरमुळे आवाजात जाणवेल असा फरक मिळत नाही. त्याचे कारण पुढे ब्लूटूथच्या प्रश्नात दिले आहे. वेगळ्या उपकरणाचा खरा उपयोग होतो तो स्वतःच्या फाइलींचा मोठा संग्रह बाळगणाऱ्यांना, तारेचे चांगले हेडफोन वापरणाऱ्यांना, आणि ऐकत असताना फोन व संदेशांचा व्यत्यय नको असणाऱ्यांना. मुलांच्या हाती इंटरनेट न देता गाणी आणि गोष्टी द्याव्यात, हाही रास्त हेतू आहे. यांपैकी एकही कारण लागू नसेल, तर पैसे प्लेअरऐवजी चांगल्या इअरफोनवर खर्च करावेत.

हेडफोन तारेचे आहेत, पण मोबाईलला जॅक नाही. डोंगलने काम भागेल का?

अनेकदा भागते. २०१६ साली आयफोन ७ मध्ये ३.५ मिलिमीटरचा जॅक दिला गेला नाही आणि पुढे अनेक कंपन्यांनी तोच मार्ग धरला. तेव्हापासून यूएसबी-सी पोर्टमध्ये खोचायचे छोटे डोंगल सर्रास मिळू लागले. फाइलमधील आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करणारा डॅक आणि त्या लहरींना बळ देणारा अ‍ॅम्प्लिफायर हे दोन्ही भाग या बोटभर वस्तूत असतात, आणि चांगल्या डोंगलचा आवाज त्याच्या कित्येक पट किमतीच्या प्लेअरच्या तोडीचा असू शकतो. तोटे आहेत ते वापरातले: डोंगल मोबाईलची बॅटरी खातो, बहुतेक वेळा ऐकताना चार्जिंगचा पोर्ट अडतो, आणि खिशात लोंबकळणाऱ्या जोडणीचा ताण पोर्टवर येतो. केवळ आवाज सुधारावा एवढाच हेतू असेल, तर आधी डोंगल वापरून पाहावा. फोनपासून सुटका हवी असेल, तर मात्र डोंगल हे त्याचे उत्तर नव्हे.

निवडीची सुरुवात कुठून करावी?

आपले संगीत कुठून येते, या प्रश्नापासून. सीडीवरून उतरवलेल्या, विकत घेऊन डाउनलोड केलेल्या किंवा स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या फाइली आपल्याकडे असतील, तर जवळपास कोणताही प्लेअर त्या वाजवेल. संगीत स्ट्रीमिंग सेवेतून येत असेल, तर परिस्थिती अगदी वेगळी आहे. सेवेच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी कुलूपबंद स्वरूपात असतात; ती त्याच अ‍ॅपमध्ये वाजतात, कॉपी करून दुसऱ्या उपकरणावर नेता येत नाहीत, वर्गणी थांबली की बंद होतात आणि ठरावीक मुदतीत एकदा इंटरनेटशी जोडून घ्यावी लागतात. साधा प्लेअर विकत आणल्यावर ही गोष्ट लक्षात येऊन निराश झालेले लोक थोडे नाहीत. म्हणून आपल्याला हवी ती सेवा त्या मॉडेलवर चालते का, आणि तिथे गाणी साठवता येतात का, हे दोन्ही खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. ‘वाय-फाय आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण काही प्लेअरमधील वाय-फाय केवळ फर्मवेअर (उपकरण चालवणारे आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करण्यासाठी किंवा घरातील संगणकावरच्या फाइली वाजवण्यासाठी असते.

अँड्रॉइडवर चालणारा प्लेअर घ्यावा की साधा?

अँड्रॉइड प्लेअरवर स्ट्रीमिंगची अ‍ॅप्स टाकता येतात, शोध सोपा असतो, पडदा मोठा असतो. त्याबदल्यात तो सुरू व्हायला वेळ घेतो, न वापरताही बॅटरी उतरत राहते आणि आकार मोबाईलएवढाच होतो. त्याहून महत्त्वाची अडचण आयुष्याची आहे. प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या लहान असतात. अनेक मॉडेल बाजारात येतानाच अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीवर असतात आणि पुढची आवृत्ती त्यांना क्वचितच मिळते. काही वर्षांनी स्ट्रीमिंगचे अ‍ॅप नवी आवृत्ती मागते आणि उत्तम स्थितीतला प्लेअर त्या कामापुरता निकामी होतो. साध्या प्लेअरमध्ये कंपनीचे स्वतःचे छोटे फर्मवेअर असते. त्याला नव्या युक्त्या शिकवता येत नसल्या तरी जे काम तो आज करतो ते दहा वर्षांनीही तसेच करील, अर्थात बॅटरी टिकली तर.

फक्त स्वतःच्या फाइली ऐकणाऱ्याने अँड्रॉइडच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किती जागा लागेल?

याचा हिशेब कागदावर करता येतो. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापे), प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या अशा मापाने साठवलेला असतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट आणि मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट. पाच मिनिटांचे गाणे या रूपात सुमारे ५३ मेगाबाइट जागा घेते. तेच गाणे ३२० किलोबिटच्या एमपी३मध्ये १२ मेगाबाइट, १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये पाचापेक्षा थोडे कमी, आणि फ्लॅकमध्ये (मूळ आवाज न गमावता फाइल आकसवणाऱ्या स्वरूपात) संगीताच्या प्रकारानुसार साधारण २५ ते ३५ मेगाबाइट घेते. एकट्या सतारीचे शांत वादन फ्लॅकमध्ये पुष्कळ आकसते, तर सतत मोठ्या आवाजाचा, गजबजलेला वाद्यमेळ फारसा आकसत नाही.

याचा अर्थ ६४ गिगाबाइटच्या कार्डावर ३२० किलोबिटची पाच हजारांहून अधिक किंवा फ्लॅकमधील सुमारे दोन हजार गाणी मावतात. कार्डावर ६४ लिहिलेले असूनही संगणक अनेकदा ५९ च्या आसपास आकडा दाखवतो. ती फसवणूक नसते. कंपनी गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, एवढाच तो फरक आहे. १९९८ साली आलेल्या पहिल्या पिढीतील प्लेअरमध्ये, उदाहरणार्थ डायमंड रिओ पीएमपी३०० मध्ये, ३२ मेगाबाइट जागा होती आणि १२८ किलोबिटच्या एमपी३नुसार तीत जेमतेम अर्धा तास संगीत मावे. २००१ च्या पहिल्या आयपॉडने पाच गिगाबाइटच्या हार्ड डिस्कवर एक हजार गाणी नेली. आज जागेची अडचण संपली आहे. अडचण असते ती हजारो गाण्यांतून हवे ते शोधण्याची.

मेमरी कार्ड कोणते घ्यावे?

प्लेअर किती क्षमतेपर्यंतचे कार्ड स्वीकारतो हे आधी पाहावे. ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे एसडीएचसी प्रकारची असतात, त्यापुढे दोन टेराबाइटपर्यंतची एसडीएक्ससी. मोठी कार्डे सहसा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि काही जुने प्लेअर फक्त फॅट३२ ओळखतात. अशा वेळी कार्ड संगणकावर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घेतल्यास बहुतेकदा चालते.

जादा वेगाच्या कार्डासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची असंपीडित फाइलसुद्धा सेकंदाला सव्वा मेगाबाइटपेक्षा कमी माहिती मागते आणि क्लास १० चे साधे कार्ड लिहितानाही किमान दहा मेगाबाइटचा वेग देते. वेगवान कार्डाचा फायदा एवढाच, की संग्रह पहिल्यांदा भरताना वेळ कमी लागतो. खरी काळजी बनावट कार्डांची घ्यावी: त्यांच्यावर क्षमता मोठी छापलेली असते, संगणकही ती दाखवतो, पण प्रत्यक्ष चिप लहान असल्याने ठरावीक मर्यादेनंतरच्या फाइली नुसत्या नावापुरत्या उरतात. नवे कार्ड पूर्ण भरून वाचून पाहणारी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारखी मोफत साधने वापरल्यास हे पहिल्याच दिवशी कळते.

फाइली कोणत्या स्वरूपात ठेवाव्यात?

मूळ संग्रह फ्लॅकमध्ये ठेवावा, हा सल्ला आता जवळपास निर्विवाद आहे. फ्लॅक फाइल लहान होते, पण तिच्यातून मूळ आवाज बिटागणिक तसाच परत मिळतो. स्वरूप खुले आहे आणि ते वाजवू न शकणारे नवे प्लेअर शोधूनच काढावे लागतील. अ‍ॅपलची उपकरणे वापरणाऱ्यांसाठी अलॅक हे त्याच गुणधर्मांचे स्वरूप आहे, आणि २०११ पासून तेही खुले आहे. एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस आणि ओपस ही स्वरूपे कानाला सहसा न कळणारा भाग कायमचा टाकून देतात. एमपी३च्या परवान्यांचा कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला तेव्हा ‘एमपी३ संपले’ अशा बातम्या आल्या होत्या; प्रत्यक्षात पेटंटांची मुदत संपून ते सर्वांसाठी मोकळे झाले होते.

एक गोष्ट टाळावी: एका घट करणाऱ्या स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर. १२८ किलोबिटच्या एमपी३ची ३२० किलोबिटची फाइल केल्याने आवाज सुधारत नाही. फाइल फुगते आणि आवाजात आणखी थोडी घटच होते.

हाय-रेझोल्यूशन फाइली खरोखर वेगळ्या ऐकू येतात का?

माणसाचा कान तरुणपणी साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो आणि वरची मर्यादा वयाबरोबर खाली येते. ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुनादरात २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे ध्वनी अचूक बसतात; १६ बिटांमध्ये सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते, जे कुठल्याही खोलीत, रेल्वेत तर नक्कीच, पुरेसे आहे. ध्वनिमुद्रण आणि संपादन करताना २४ बिटांचा उपयोग असतो. ऐकताना तो फायदा जवळपास उरत नाही. हाय-रेझोल्यूशनची आवृत्ती कधीकधी खरोखर चांगली वाटते, पण तेव्हा तिचे मास्टरिंग (प्रसिद्धीपूर्वी आवाजावर केलेला अखेरचा संस्कार) वेगळे असण्याची शक्यता अधिक असते. खात्री करायची असल्यास तीच फाइल स्वतः १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमध्ये उतरवावी आणि कोणती कुठली हे माहीत नसताना दोन्ही ओळखता येतात का ते पाहावे. तुलनेत दोन्हींचा आवाज समान पातळीवर ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘अधिक स्पष्ट’ वाटतो.

डॅक चिपच्या नावावरून प्लेअरची पारख होते का?

होत नाही. ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक या कंपन्यांच्या आजच्या चिपा इतक्या सक्षम आहेत, की त्यांचे दोष ऐकू येण्याच्या पातळीखाली राहतात. फरक पडतो तो चिपभोवतीच्या रचनेने: वीजपुरवठा किती स्वच्छ आहे, अ‍ॅम्प्लिफायर कसा आहे, आवाज कमी-जास्त करण्याची पद्धत कोणती. तीच चिप असलेले दोन प्लेअर म्हणूनच वेगळे वागतात. जाहिरातीत चिपचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत असते. ते वाचून पुढे जावे.

माझे हेडफोन या प्लेअरवर नीट चालतील का?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत अधिक विचारला जायला हवा. इथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात: हेडफोनचा अवरोध, म्हणजे ओहममधला आकडा, त्याची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या शक्तीत तो किती डेसिबल आवाज काढतो, आणि प्लेअरचा स्वतःचा बहिर्गत अवरोध.

एका मिलिवॅटला १०० डेसिबल देणारे दोन हेडफोन घेऊ, एक ३२ ओहमचा आणि एक ३०० ओहमचा. संगीतातील मोठे क्षण न फाटता वाजावेत म्हणून ११० डेसिबलपर्यंतची तयारी ठेवायची, तर दोघांनाही दहा मिलिवॅट लागतील. मात्र त्यासाठी पहिल्याला सुमारे ०.५७ व्होल्ट पुरतात, तर दुसऱ्याला १.७ व्होल्टपेक्षा अधिक लागतात. लहान प्लेअर अनेकदा एका व्होल्टच्या आसपास थांबतात, म्हणून ३०० ओहमचा हेडफोन त्यांच्यावर दबलेला वाटतो. उलट, काही प्लॅनर प्रकारच्या (पातळ, सपाट पडद्याने आवाज काढणाऱ्या) हेडफोनांचा अवरोध कमी असला तरी संवेदनशीलताही कमी असते. ३२ ओहम आणि मिलिवॅटला ९० डेसिबल असा प्लॅनर हेडफोन घेतल्यास त्याच पातळीसाठी शंभर मिलिवॅट, म्हणजे सुमारे १.८ व्होल्ट आणि त्याच्या जोडीला बराच विद्युतप्रवाह लागतो. त्यामुळे केवळ ओहमचा आकडा पाहून ‘हा सहज वाजेल’ असा निष्कर्ष काढू नये. कंपन्यांनी दिलेली संवेदनशीलता काही वेळा मिलिवॅटमागे आणि काही वेळा व्होल्टमागे असते. दोन हेडफोनांची तुलना करताना एकक तेच आहे ना, हे पाहायला विसरू नये.

कानात घालायच्या इअरफोनांचा त्रास याच्या नेमका उलट असतो. ते इतके संवेदनशील असतात, की शक्तीची कमतरता कधीच भासत नाही. पण प्लेअरच्या अ‍ॅम्प्लिफायरची मंद खरखर शांत जागी ऐकू येऊ लागते आणि आवाजाची पहिली पायरीसुद्धा रात्री मोठी वाटते. त्यातही एका कानात अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे सूक्ष्म भाग) असलेल्या इअरफोनांचा अवरोध प्रत्येक वारंवारतेला बदलतो. प्लेअरचा बहिर्गत अवरोध जास्त असेल, तर अशा इअरफोनांचा मूळ स्वरतोल बिघडतो: एखाद्यात खर्ज फुगतो, एखाद्यात वरचे स्वर मंदावतात. प्लेअरचा बहिर्गत अवरोध इअरफोनच्या अवरोधाच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा, हा व्यवहारातला नियम आहे. १६ ओहमच्या इअरफोनसाठी तो दोन ओहमच्या आत हवा. हा आकडा जो उत्पादक स्पष्टपणे छापतो, त्याच्याबद्दल माझे मत आपोआप चांगले होते.

बॅलन्स्ड जॅक आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. २.५ किंवा ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकमध्ये प्रत्येक कानासाठी दोन-दोन अ‍ॅम्प्लिफायर काम करतात आणि बहुधा व्होल्टेज दुप्पट मिळते. अवघड हेडफोनांना त्याचा उपयोग होतो. सोप्या इअरफोनांवर जो फरक जाणवतो, तो बव्हंशी आवाज वाढल्याचा असतो. घ्यायचाच असेल तर ४.४ मिलिमीटरचा घ्यावा, २.५ मिलिमीटरची पिन बारीक असल्याने लवकर मोडते.

ब्लूटूथ इअरफोन वापरणार असल्यास काय पाहावे?

ब्लूटूथवरून संगीत डिजिटल रूपातच जाते आणि डॅक व अ‍ॅम्प्लिफायर हे दोन्ही इअरफोनच्या आत असतात. प्लेअरमधील महागडा डॅक त्या वेळी कामच करत नाही. त्यामुळे ब्लूटूथवरच ऐकणाऱ्याने प्लेअरच्या ध्वनिपरिपथासाठी एक छदामही जादा देऊ नये.

पाहायचे ते कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आकसवण्याची पद्धत. एसबीसी सगळीकडे असतो आणि चांगल्या रचनेत त्याचा आवाज लोक म्हणतात तितका वाईट नसतो. एएसी, अ‍ॅप्टएक्स आणि एलडॅक हे त्यापुढचे पर्याय. एलडॅक सेकंदाला ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट असा चालतो आणि गर्दीच्या ठिकाणी अनेकदा स्वतःहून खालच्या पायरीवर उतरतो. कोणताही कोडेक प्लेअर आणि इअरफोन या दोन्हींत असल्याशिवाय उपयोगी पडत नाही. याशिवाय लहान प्लेअरच्या अँटेना दुबळ्या असू शकतात, म्हणून तो विरुद्ध बाजूच्या खिशात ठेवून चालत असताना आवाज तुटतो का, हे जरूर तपासावे.

बॅटरीचे छापलेले तास खरे असतात का?

ते आदर्श परिस्थितीतले असतात: पडदा बंद, आवाज मध्यम किंवा त्याहून कमी, इअरफोन सोपे, वायरलेस बंद. बॅलन्स्ड जॅक, अवघड हेडफोन, उजळ पडदा आणि स्ट्रीमिंग यांपैकी प्रत्येक गोष्ट त्यातून काही तास कापून घेते. अधिक महत्त्वाचा प्रश्न बॅटरी बदलता येते का हा आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते; प्लेअर रोज संपवणाऱ्याला हे दुसऱ्या वर्षीच जाणवू लागते. बहुतेक नव्या प्लेअरमध्ये बॅटरी आतच चिकटवलेली असते. दीर्घकाळ न वापरता ठेवायचा असल्यास प्लेअर साधारण अर्धा चार्ज करून ठेवावा, पूर्ण रिकामा कधीही नाही.

बटणे हवीत की टचस्क्रीन?

निदान थांबवणे, पुढे-मागे जाणे आणि आवाज यांसाठी तरी खरी बटणे हवीत. खिशात हात घालून, न पाहता गाणे बदलता आले नाही, तर वेगळ्या प्लेअरचा निम्मा फायदा तिथेच संपतो. पडदा बंद असतानाही बटणे चालतात का आणि त्यांना चुकून लागणाऱ्या धक्क्यापासून वाचवणारी होल्डची सोय आहे का, हे पाहावे.

गाण्यांच्या मध्ये क्षणभर खंड पडतो. तो दोष प्लेअरचा की फाइलचा?

दोघांचाही असू शकतो. एमपी३ आवाजाला ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत कापते आणि सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता जोडते. मैफलीचे सलग ध्वनिमुद्रण अनेक भागांत कापलेले असेल, तर प्रत्येक सांध्यावर ती टोचते. लेम या एन्कोडरने (एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) बनवलेल्या फाइलीत ही शांतता किती आहे याची नोंद असते, आणि चांगले प्लेअर ती वाचून तेवढा भाग वगळतात. फ्लॅकमध्ये अशी जोडलेली शांतता नसतेच. तरीही पुढची फाइल वेळेत उघडण्याचे काम प्लेअरला करावे लागते. विलंबित ख्याल, सिंफनी किंवा सलग मैफली ऐकणाऱ्यांनी ‘गॅपलेस’ हा गुण तपासूनच घ्यावा.

याच्याच जोडीला रिप्लेगेनची सोय पाहावी. वेगवेगळ्या काळातील ध्वनिमुद्रणांची पातळी निराळी असते. फाइलमध्ये नोंदवलेल्या रिप्लेगेनच्या आकड्यानुसार प्लेअर ती समान करतो आणि दर गाण्याला आवाजाच्या बटणाकडे धावावे लागत नाही.

देवनागरीतील गाण्यांची नावे नीट दिसतील का?

दिसतीलच असे नाही, आणि हे माहितीपत्रकात सहसा लिहिलेले नसते. नावे चौकोन किंवा प्रश्नचिन्हे होऊन दिसली, तर कारणे दोन असतात. पहिले फाइलमध्ये असते: एमपी३मधील आयडी३ या टॅगची (फाइलमध्ये गाण्याचे नाव वगैरे साठवणाऱ्या नोंदीची) जुनी, पहिली आवृत्ती युनिकोड साठवत नाही आणि शीर्षकाला ३० बाइटच देते. टॅग आयडी३ २.३ मध्ये यूटीएफ-१६ स्वरूपात पुन्हा लिहिल्यास हा दोष जातो. फ्लॅकमधील टॅग मुळातच यूटीएफ-८ असतात. दुसरे कारण प्लेअरमध्ये असते. त्याच्या फर्मवेअरमध्ये देवनागरी फाँट नसेल तर काहीच करता येत नाही, आणि फाँट असूनही जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसेल तर ‘भक्ती’ हा शब्द हलन्त चिन्हासह सुटा-सुटा दिसतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. अँड्रॉइड प्लेअरांमध्ये ही अडचण जवळपास नसते. त्यांच्या बाजूने बोलणारा हा खरोखर वजनदार मुद्दा आहे. साध्या प्लेअरसाठी स्वतःच्या दोन फाइली कार्डावर घालून दुकानात दाखवायला सांगणे हाच खात्रीचा मार्ग.

गाणी भरण्यासाठी खास सॉफ्टवेअर लागते का?

जो प्लेअर संगणकाला जोडताच पेन ड्राइव्हसारखा दिसतो, तो घ्यावा. एमटीपी पद्धतीने (ड्राइव्ह म्हणून न दिसता) जोडणारे प्लेअरही चालतात, पण मॅक संगणकावर त्यांना वेगळे साधन लागते आणि मोठा संग्रह भरताना ते रेंगाळतात. कार्ड काढून थेट संगणकात घालणे सर्वांत जलद.

भाषणे आणि ध्वनिपुस्तके ऐकण्यासाठी वेगळे काही पाहावे का?

प्रत्येक फाइल जिथे थांबवली तिथूनच पुन्हा सुरू होते का, हे पाहावे. पुष्कळ संगीत प्लेअर फक्त शेवटच्या एका फाइलीची जागा लक्षात ठेवतात. मध्ये एखादे गाणे ऐकले की बारा तासांच्या पुस्तकातील खूण हरवते. वेग बदलण्याची सोयही अनेक महाग प्लेअरमध्ये नसते.

पोहताना ऐकता येईल का?

ब्लूटूथच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे टिकत नाहीत. म्हणून पोहण्यासाठी गाणी इअरफोनमध्येच साठवणारे, आयपीएक्स८ (पाण्यात बुडाले तरी टिकण्याच्या) दर्जाचे उपकरण लागते. समुद्रात वापरायचे असल्यास खाऱ्या पाण्याचा उल्लेख वेगळा शोधावा, कारण हा दर्जा गोड्या पाण्यातील चाचणीवरून दिलेला असतो.

कानांना इजा होऊ नये म्हणून प्लेअरमध्ये काय असावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर पातळी ८० डेसिबलच्या आत असावी, आणि मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. दर तीन डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास उरतात. कमाल आवाज ठरवून त्याला कुलूप लावण्याची सोय असलेला प्लेअर मुलांसाठी निवडावा. मोठ्यांसाठी मात्र सर्वांत परिणामकारक उपाय प्लेअरमध्ये नसून बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या इअरफोनमध्ये आहे, कारण प्रवासात आवाज वाढवला जातो तो गोंगाटावर मात करण्यासाठीच.

वापरलेला जुना प्लेअर घेणे शहाणपणाचे आहे का?

दुरुस्तीची तयारी असेल, तर आहे. आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये आणि शेवटचा आयपॉड टच २०२२ मध्ये बंद झाला, तरी क्लासिकसाठी बॅटऱ्या आणि हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवण्याचे अडॅप्टर अजून मिळतात. मूळ फर्मवेअर फ्लॅक वाजवत नाही. रॉकबॉक्स हे २००१ पासून स्वयंसेवकांनी वाढवलेले खुले फर्मवेअर टाकल्यास फ्लॅक, गॅपलेस आणि रिप्लेगेन हे तिन्ही गुण एकदम मिळतात. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिप मालिकेतील काही मॉडेलांवरही ते चालते. मॉडेलच्या नावातील एका अक्षराने किंवा पिढीच्या आकड्याने फरक पडतो, म्हणून पैसे देण्यापूर्वी रॉकबॉक्सच्या यादीत नेमके तेच मॉडेल आहे का हे पाहावे. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा मागची बाजू फुगलेली असेल, तर कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नये. फुगवटा बहुधा बॅटरीचा असतो आणि ती धोकादायक असते.

परत करण्याची मुदत असेपर्यंत काय काय तपासून घ्यावे?

संपूर्ण संग्रह पहिल्याच दिवशी भरावा, दहा-वीस गाणी भरून थांबू नये. कित्येक प्लेअर पाचशे गाण्यांपर्यंत चपळ असतात आणि दहा हजारांना सूची बनवताना अडखळतात. काहींमध्ये गाण्यांच्या संख्येलाच मर्यादा असते. त्यानंतर शांत खोलीत, सर्वांत संवेदनशील इअरफोन लावून, गाणे सुरू नसताना आणि मंद गाणे सुरू असताना खरखर ऐकावी. सलग मैफलीचे दोन भाग एकामागून एक वाजवावेत. जॅकमध्ये पिन हलकेच फिरवून एका कानातला आवाज जातो का पाहावे. रात्री पूर्ण चार्ज करून बाजूला ठेवावा आणि सकाळी किती टक्के उतरला ते नोंदवावे. शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे सर्वांत अलीकडचे फर्मवेअर कधीचे आहे ते बघावे. प्लेअर बाजारात येऊन दोन वर्षे झाली असतील आणि पहिल्या महिन्यानंतर एकही सुधारणा आलेली नसेल, तर आज दिसणारे दोष कायमचे आहेत असे धरूनच तो ठेवायचा की परत करायचा हे ठरवावे.